उपनगरातील हौशी क्रीडामंडळाचा इतिहास : मेलबर्न, दादर-माटुंगा आणि डहाणू-तलासरी

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास म्हटला की विक्रमांची कोष्टके आणि नामवंत खेळाडूंची चरित्रे डोळ्यांसमोर येतात. ज्या मंडळाच्या तंबूत तो खेळाडू घडला, ज्या मंडळाच्या चिटणिसाने वर्गणी गोळा करून चेंडू विकत आणले आणि खेळपट्टीवर रोळ फिरविण्यासाठी माणूस शोधला, त्या मंडळाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः आधुनिक संघटित खेळ ज्या पायावर उभा आहे तो पाया म्हणजे वस्तीतील हौशी मंडळ होय. हे मंडळ राजवाड्यात जन्मले नाही आणि खेड्यातही जन्मले नाही. ते जन्मले शहराच्या कडेला, नव्याने वसणाऱ्या उपनगरात. असे का घडले, त्यासाठी कोणत्या गोष्टी अगोदर घडून याव्या लागल्या आणि पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांपर्यंत हा प्रवाह कितपत पोहोचला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्यासाठी दोन उदाहरणे घेतली आहेत. पहिले ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराचे, जेथे उपनगरी मंडळांतून एक स्वतंत्र खेळच निर्माण झाला. दुसरे मुंबईतील दादर-माटुंग्याचे, जेथे परका खेळ उपनगरी मंडळांनी आपलासा केला. दोन्ही ठिकाणची परिस्थिती सर्वस्वी भिन्न असली तरी काही बाबतींत विलक्षण साम्य आढळते.

'हौशी' या शब्दाविषयी

'हौस' हा शब्द मराठीत मोठा आपुलकीचा आहे. हौशी नट, हौशी गायक असे म्हणताना त्यात कमीपणा नसतो. पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी केलेले काम एवढाच अर्थ असतो. कबड्डीच्या अखिल भारतीय संघटनेनेही आपल्या नावात 'हौशी' हा शब्द अभिमानाने धारण केला. परंतु इंग्लंडमध्ये या कल्पनेला वर्गभेदाचा स्पष्ट दर्प होता. तेथे 'जंटलमेन' आणि 'प्लेअर्स' यांचे निरनिराळे संघ असत व हा भेद क्रिकेटमध्ये १९६२ पर्यंत टिकून होता. हौशी म्हणजे ज्याला खेळून मिळणाऱ्या पैशांची गरज नाही असा माणूस. याचा सरळ अर्थ असा की, ज्याला त्या दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही त्याने हौशी होऊ नये.

हा भेद भारतात आला तेव्हा त्याला जातीची जोड मिळाली. पळवणकर बाळू यांनी पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये मैदानाची निगा राखण्याचे काम करीत गोलंदाजी सिद्ध केली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ते अखिल भारतीय संघाचे सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. हौस सर्वांना असते, पण हौशी म्हणवून घेण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, हे येथे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

मेलबर्न : क्रिकेटच्या मैदानावर हिवाळ्यातील खेळ

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा खेळ भारतीय वाचकाला फारसा परिचित नाही. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब अशी त्याची रचना असते. चेंडू पायाने मारता येतो, हाताच्या मुठीने ढकलता येतो, उंच उडी घेऊन झेलता येतो. मधल्या दोन खांबांतून लाथाडलेला चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. मैदान लंबगोल असण्याचे कारण अगदी साधे आहे : हा खेळ क्रिकेटच्या मैदानावर वाढला.

१० जुलै १८५८ रोजी टॉम विल्स या क्रिकेटपटूचे पत्र मेलबर्नच्या एका क्रीडा-वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. हिवाळ्यात क्रिकेट बंद असते, त्या काळात खेळाडूंची अंगे आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, अशी सूचना त्यात होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन शाळांमध्ये प्रत्येकी ४० मुलांचा एक सामना झाला. तो एका दिवसात संपला नाही. तीन निरनिराळ्या शनिवारी खेळला गेला आणि अखेर एकेक गोल होऊन बरोबरीत सुटला. १७ मे १८५९ रोजी मेलबर्न फुटबॉल क्लबच्या सभासदांनी एका हॉटेलात बसून दहा नियम लिहून काढले. गंमत अशी की क्रिकेटच्या मैदानांचे विश्वस्त आरंभी हिरवळ खराब होईल म्हणून या खेळाला आत घेत नसत. त्यामुळे बाहेरच्या मोकळ्या उद्यानात, झाडांच्या मधून हा खेळ चाले.

शनिवारचा उल्लेख वर सहज आला असला तरी तो महत्त्वाचा आहे. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी काम थांबवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा कामाचा दिवस मिळविला. पुढील काही दशकांत इतर धंद्यांतील कामगारांनाही हळूहळू मर्यादित तास आणि शनिवारची अर्धी सुटी मिळत गेली. विल्स आणि त्यांचे सहकारी पाथरवट नव्हते. ते शिकलेले, सुस्थितीतील गृहस्थ होते. परंतु त्यांनी काढलेला खेळ त्यांच्यापुरता राहिला नाही याचे श्रेय या मोकळ्या शनिवारला द्यावे लागते. कार्ल्टन, एसेंडन, रिचमंड, कॉलिंगवुड ही आज जगप्रसिद्ध असलेली नावे मुळात उपनगरांची नावे आहेत. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या कॉलिंगवुड क्लबच्या मागे कारखान्यांत राबणारी गरीब वस्ती उभी होती. क्लब हा त्या वस्तीचा स्वाभिमान झाला.

आणि मग साहजिकच पैशाचा प्रश्न आला. तिकिटे विकली जाऊ लागली, चांगल्या खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जाऊ लागले. १८९२ मध्येच हौशी मंडळांनी आपली वेगळी संघटना काढली. तीच पुढे व्हिक्टोरिया प्रांताची हौशी फुटबॉल संघटना म्हणून ओळखली गेली. मुख्य लीगने १९११ मध्ये खेळाडूंना पैसे देण्यास उघड मान्यता दिली. त्या लीगमध्ये १९०८ पासून विद्यापीठाचा एक संघ होता. त्याने पैसे न देण्याचे व्रत सोडले नाही. शेवटचे सलग ५१ सामने हरून १९१४ च्या हंगामाअखेर तो बाहेर पडला. तत्त्वनिष्ठेची ही किंमत थोडी नव्हे.

याहून बोलके उदाहरण फिट्झरॉय क्लबचे आहे. लीगच्या आठ संस्थापक क्लबांपैकी हा एक. कर्जबाजारी झाल्यामुळे १९९६ च्या हंगामानंतर त्याचा व्यावसायिक संघ दूरच्या ब्रिस्बेन शहरातील संघात विलीन झाला. वस्तीतील लोकांनी मात्र नाव सोडले नाही. २००९ पासून फिट्झरॉय हे नाव पुन्हा मैदानावर दिसू लागले ते हौशी संघटनेच्या स्पर्धांत. व्यावसायिक संघ बाहेर गेला, मंडळ वस्तीत राहिले. मंडळ आणि संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

दादर-माटुंगा : पावसाळ्यातील शाळा

मुंबईत क्रिकेट आणले इंग्रजांनी आणि रुजविले पारशांनी. ओरिएंटल क्रिकेट क्लब हा पारशांचा पहिला क्लब १८४८ मधील. पुढे पारशी, मुस्लिम व हिंदू जिमखाने समुद्राकाठी उभे राहिले. हिंदू जिमखान्याची स्थापना १८९४ मधील. हे सारे धर्माच्या पायावर उभे होते. तिरंगी, चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी असे सामन्यांचे स्वरूप वाढत गेले व १९४६ मध्ये ती परंपरा संपली. वस्तीच्या नावाने ओळखले जाणारे मंडळ ही यापुढची पायरी होती. ती घडून येण्यास एक रोगाची साथ कारणीभूत झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींतून माणसे मरू लागली, तेव्हा १८९८ मध्ये शहर सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने उत्तरेकडे दादर-माटुंगा-शीव भागात रुंद रस्ते, बागा व मोकळ्या जागा ठेवून नवी वस्ती आखली. आज प्रशासनाच्या भाषेत मुंबई उपनगर जिल्हा वांद्र्यापासून सुरू होतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी दादर हेच खरे उपनगर होते. तेथे राहावयास आलेला मध्यमवर्ग कारकून, शिक्षक, वकील अशा पेशांतला होता. त्यांची मुले रेल्वेने शहरात शिकावयास जात आणि संध्याकाळी परत येऊन मोकळ्या भूखंडांवर खेळत. माहीम पार्क या नावाने १९२५ मध्ये खुले झालेले आणि १९२७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळालेले शिवाजी पार्क हे या मोकळ्या जागांचे मुकुटमणी होय.

याच परिसरातून दोन मंडळे पुढे आली : शिवाजी पार्क जिमखाना आणि माटुंग्याच्या दडकर मैदानावर खेळणारा दादर युनियन स्पोर्टिंग क्लब. जेमतेम दोन-अडीच किलोमीटरच्या अंतरात वाढलेल्या या दोन क्लबांनी भारताला किती कसोटीपटू दिले याची नुसती नावे पाहिली तरी पुरे. शिवाजी पार्ककडून विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील. दादर युनियनकडून माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, सुनील गावसकर, रामनाथ पारकर, दिलीप वेंगसरकर. या दोन क्लबांमधील सामना पाहण्यास सुटीच्या दिवशी मोठी गर्दी लोटत असे. माधव मंत्री हे गावसकरांचे मामा. भाच्याने लहानपणी त्यांचा भारताचा स्वेटर मागितला तेव्हा तो देण्यास त्यांनी नकार दिला व असा स्वेटर स्वतः मिळवावा लागतो असे सांगितले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. दादर युनियनची शिस्त अशीच होती : वेळेपूर्वी मैदानावर हजर राहणे, स्वच्छ पांढरे कपडे आणि ज्येष्ठाचा शब्द. वासू परांजपे यांच्यासारख्या कर्णधारांच्या हाताखाली ही शिस्त विनोदाच्या अंगानेही शिकविली गेली.

या मंडळांची खरी शाळा मात्र कांगा लीग ही होती. डॉ. होरमसजी कांगा हे जुन्या पिढीतील पारशी क्रिकेटपटू. त्यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. ती भर पावसाळ्यात खेळली जाते, हे तिचे वैशिष्ट्य. उघड्या, ओलसर खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी थांबून येतो. गवत घोट्यापर्यंत वाढलेले असल्याने जमिनीलगत मारलेला फटका सीमेपर्यंत पोहोचतच नाही. आझाद मैदानावर तर शेजारशेजारच्या खेळपट्ट्यांवर एकाच वेळी अनेक सामने चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा असतो. अशा परिस्थितीत ज्याचे तंत्र पक्के असेल तोच टिकतो. एकेका विभागात अनेक संघ आणि अ पासून ग पर्यंत विभाग, अशा या उतरंडीत कसोटीपटू आणि पोस्टातला कारकून एकाच दिवशी आपापल्या मंडळासाठी चिखलात उतरत. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला, त्याच्या मुळाशी हा चिखल आहे.

मेलबर्नने क्रिकेटचा बंद हंगाम भरून काढण्यासाठी नवा खेळ काढला. मुंबईने त्याच बंद हंगामात तोच खेळ चालू ठेवला.

येथेही वेळेचा प्रश्न होताच. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, १० जून १८९० पासून. कार्यालयांतील मध्यमवर्गीयांची गोष्ट थोडी सुखाची होती. बँका व मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत, सरावासाठी सवलत देत आणि 'टाइम्स ढाल' स्पर्धेत आपल्या संघातून खेळवीत. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. काटेकोरपणे पाहिले तर हा हौशीपणा नव्हे; मेलबर्नच्या क्लबांनी खिडकीतून दिलेले पैसे मुंबईच्या कंपन्यांनी पगारपत्रकावर दिले एवढाच फरक. पण या व्यवस्थेने एक मोठे काम केले : खेळाडूला चाळिशीनंतरचे आयुष्य दिले. आज ती व्यवस्था बरीचशी आटली आहे आणि त्याबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे.

डहाणू-तलासरी : ज्याची वेळ त्याची नव्हती

आता या किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडे वळावयाचे. मुंबई क्रिकेट संघटनेचे कार्यक्षेत्र पालघर जिल्ह्यातही आहे. तेव्हा डहाणूचा मुलगा कागदोपत्री दादरच्या मुलाइतकाच मुंबईकर आहे. मात्र संघटनेचे सभासद व्यक्ती नसून क्लब, शाळा, महाविद्यालये व कार्यालयीन संघ असतात. ज्या प्रदेशात जुने क्लब नाहीत त्या प्रदेशाचा आवाजही साहजिकच क्षीण असतो.

जुने क्लब येथे का नाहीत याचे उत्तर येथील जमिनीच्या इतिहासात आहे. ज्या काळात शिवाजी पार्कवर मुले संध्याकाळी खेळत होती, त्याच काळात तलासरी, उंबरगाव व डहाणू भागातील वारली माणूस सावकार-जमीनदाराच्या वेठीला होता. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी जन्मभर राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबत असे. २३ मे १९४५ रोजी तलासरीतील झरी येथे किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे गोळीबार झाला व त्यात जेठ्या गांगड हुतात्मा झाले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात हा लढा नोंदविला आहे. क्रीडेच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख कोणी करीत नाही. तो करावयास हवा. मेलबर्नचा १८५६, मुंबईचा १८९० आणि तलासरीचा १९४५ ही एकाच मालिकेतील वर्षे आहेत. माणसाचा दिवस त्याचा स्वतःचा झाल्यावाचून हौशी मंडळ निघत नाही.

दिवस मोकळा झाला तरी वर्ष मोकळे झाले नाही. कांगा लीगचे पहिले सामने आणि भाताची आवणी यांचा काळ जवळजवळ एकच. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की अनेक आदिवासी कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती उन्हाळ्याअखेर परततात. म्हणजे पावसाळ्यात मुलगा शेतात आणि कोरड्या दिवसांत भट्टीवर. शहराची क्रीडा-दिनदर्शिका शाळा-कार्यालयांच्या सुट्यांवर बेतलेली आहे. वीटभट्टीला उन्हाळ्याची सुटी नसते. गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, त्यांना चषक असतात, ध्वनिवर्धकावरून समालोचनही होते. पण त्या दोन-तीन दिवसांत संपतात आणि त्यांतून वर्षभर चालणारे मंडळ उभे राहत नाही. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय क्रीडास्पर्धा ही खरी संघटित संधी. परंतु शाळा सुटली की तीही सुटते.

तिसरी गोष्ट अंतराची. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी १८६७ मध्ये धावली. डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी पोहोचण्यास १६ एप्रिल २०१३ उजाडावा लागला. चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटर. हा प्रवास एका बाजूने जवळजवळ तीन तासांचा. सकाळच्या सामन्यासाठी आझाद मैदान गाठावयाचे तर पहाटेच निघावे लागते, आणि खांद्यावर क्रिकेटची अवजड बॅग असेल तर त्या गर्दीत सहप्रवाशांचे बोल ऐकावे लागतात ते वेगळेच. तलासरी गावाला तर रेल्वे स्थानकच नाही. ते मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे.

या अंतरावर मात करणारे एक उदाहरण सर्वांच्या तोंडी आहे. पालघरजवळच्या माहीम गावचा शार्दूल ठाकूर शालेय वयात बोरिवलीच्या शाळेत आला तो प्रशिक्षक दिनेश लाड यांच्यामुळे. रोजचा प्रवास झेपणार नाही हे ओळखून लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर त्याने पहिल्या डावात ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरसमवेत १२३ धावांची भागी केली आणि सामन्यात सात बळी घेतले. गाबा हे ब्रिस्बेनच्या ज्या फुटबॉल संघाचे घरचे मैदान, तो संघ म्हणजेच फिट्झरॉयला सामावून घेणारा संघ होय. ठाकूरचे यश निर्विवाद आहे. पण ते मंडळाचे यश नव्हे. एका प्रशिक्षकाच्या घराचे यश आहे. सचिन तेंडुलकरलाही वांद्र्याहून शिवाजी पार्कजवळ काकांकडे राहावयास जावे लागले होते. वांद्रे ते दादर या अंतरालाही ज्या खेळात घर बदलावे लागते, तेथे तलासरीच्या पाड्यावरील मुलाने किती घरे बदलावीत?

या प्रश्नाचे एक उत्तर याच तालुक्यात, वेगळ्या क्षेत्रात, फार पूर्वी दिले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते अखेरपर्यंत चालविले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे चारण्यास जातात, असे दिसल्यावर शाळाच कुरणात नेण्यात आली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. लहान भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले येत नाहीत, हे कळल्यावर अंगणवाडी पाड्यावर गेली. मुलाच्या दिवसाची मांडणी आधी पाहिली गेली आणि शाळेची वेळ तिच्याभोवती बसविली गेली.

क्रीडामंडळाच्या बाबतीत हा क्रम अद्याप उलटा आहे. आवणी संपल्यापासून कापणीपर्यंतचे, साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हे दिवस या भागात मुले पाड्यावरच असतात. जमीन तेव्हा ओली असते, गवत वाढलेले असते, पाऊस मधूनमधून येत असतो. कांगा लीगला जशी परिस्थिती लागते तशी, नेमकी तशीच.